झाड काढ, डिप्रेशन ओळख?

मोबाइलवर एक झाड काढा, दोन मिनिटांत मूडचा रिपोर्ट हातात! मानसिक आरोग्याचा हा लेटेस्ट फंडा आहे. पण यातला चित्राचा भाग जुनाच. हर्मन रोर्शाक यांनी १९२१ मध्ये शाईचे डाग दाखवून माणसं वाचायचा प्रयत्न केला. १९४८ मध्ये जॉन बक यांनी घर, झाड आणि माणूस काढायला लावलं. नवं आहे ते स्क्रीनचं. कागदावर फक्त पूर्ण झालेलं चित्र दिसतं. स्क्रीनला तुम्ही कुठे थांबलात, किती वेळा खोडलंत, हेही कळतं. डिमेन्शियासाठी घड्याळ काढायला लावतात ना, ती टेस्ट डिजिटल पेनने घेतली की हातांचं थबकणंही मोजता येतं.

माझी मावसबहीण हातखंब्याला असते. मुंबई-गोवा हायवेवरच्या गाड्यांचे आवाज ऐकत वर्क फ्रॉम होम. मागच्या महिन्यात तिने अशाच एका अ‍ॅपवर झाड काढलं. काळं, बिनपानांचं. अ‍ॅप म्हणालं, नैराश्याची शक्यता. ''ताई, खरं असेल का गं?''

आता बॉस, काळं झाड म्हणजे डिप्रेशन असं सरळ गणित नाही. अशा चित्रांवरून निदान करण्यावर मानसशास्त्रातच भरपूर टीका झालीय. चांगला थेरपिस्ट चित्राला मार्क देत नाही, चित्राबद्दल विचारतो. म्हणून मीही विचारलं, ''या झाडाखाली कोण बसतं?'' ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, ''कोणीच नाही. मला तीन आठवडे झोप नाहीये.''

खरी माहिती या दोन वाक्यांत होती. अ‍ॅपने फक्त विषय काढून दिला.

हातखंब्याहून रत्नागिरी जवळच. तिथलं प्रादेशिक मनोरुग्णालय १८८६ पासून आहे. पण ''रत्नागिरीला दाखवून ये'' म्हटलं की ती लगेच, ''मी काय वेडी आहे?'' कोकणात रत्नागिरीला पाठवणं हा आजही टोमणा आहे! अ‍ॅपसमोर मन मोकळं करायला लाज वाटत नाही, डॉक्टरसमोर वाटते, ती यामुळेच. शेवटी तिने १४४१६ लावला. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन. फुकट, चोवीस तास आणि मराठीतही. तिथून डॉक्टरपर्यंत जाणं तिला सोपं गेलं.

तेव्हा चित्रं जरूर काढा, मस्त रंग उधळा. मन हलकं होतं. पण दोन-तीन आठवडे झोप, भूक, कामातला रस गायब असेल, तर रिपोर्ट स्क्रीनकडे मागू नका. माणसाकडे जा.