विणीच्या काळात घरट्यासमोर कॅमेरा नको
रामाकोना, सौसर व पांढुर्णा परिसरातील नागरिकांस आवाहन

विणीच्या हंगामात, म्हणजे पक्षी अंडी उबवून पिल्ले वाढवितात त्या काळात, घरट्याजवळ ठाण मांडून चारा भरविणाऱ्या नर-मादीची छायाचित्रे काढणे हा वन्यजीवांना दिलेला उपद्रव आहे आणि कन्हानकाठच्या रामाकोन्यापासून पांढुर्ण्यापर्यंत तो पूर्णपणे थांबला पाहिजे.

मध्य प्रदेशाचा राज्यपक्षी दूधराज, ज्याला मराठीत स्वर्गीय नर्तक म्हणतात, झाडाच्या बेचक्यात गवत आणि कोळ्याच्या जाळ्याचे धागे गुंफून पेल्याच्या आकाराचे घरटे बांधतो, आणि नर व मादी दोघेही पिल्लांना कीटक भरवितात. या घरट्याला भोवतीच्या पानांखेरीज दुसरे संरक्षण नसते. तरीही लांब शेपटीचा शुभ्र नर स्पष्ट टिपता यावा म्हणून नेमकी तीच पाने छाटली जातात, पिल्ले उन्हात उघडी पडतात, कावळा, टकाचोर व शिक्रा यांना घरटे दिसू लागते, आणि हा घात छायाचित्रकार निघून गेल्यानंतर होत असल्याने त्याच्या चित्रात त्याचा मागमूसही उरत नाही. टिटवीची अंडी तर उघड्या जमिनीवरच असतात. मे महिन्याच्या कडक उन्हात ती अंड्यांवर सावली धरते, पोटाची पिसे पाण्यात भिजवून त्यांना गारवा देते. माणूस जवळ थांबला की ती उठून ओरडत घिरट्या घालते आणि तो हलेपर्यंत अंडी तापत राहतात.

पालक पक्षी चारा घेऊन येतच होते, म्हणजे त्यांना त्रास नव्हता, असा युक्तिवाद केला जातो. तो फसवा आहे, कारण पिल्लांची भूक पालकांना भीती असूनही ओढून आणते. चोचीत किडा धरून दूरच्या फांदीवर ताटकळणारा पक्षी कॅमेऱ्याच्या चौकटीत येत नाही, आणि चुकलेल्या घासांची नोंद कोणीच ठेवत नाही.

पक्षिछायाचित्रणाचा आरंभ घरट्यापासूनच झाला, हे खरे. इंग्लंडमधील कीर्टन बंधूंचे छायाचित्रांनी सजलेले घरट्यांवरील पुस्तक १८९५ साली निघाले, आणि १९३७ साली एरिक हॉस्किंग यांना घरट्याजवळच्या घुबडाच्या हल्ल्यात एक डोळा गमवावा लागला. त्या काळी कॅमेरे जड व भिंगे तोकडी असल्याने पक्षी हमखास परत येईल अशी जागा गाठावी लागे. आज दूरच्या फांदीवरचा पक्षी टिपणारी भिंगे उपलब्ध असताना ती सबब संपली आहे.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या कलम २(१६) मधील ‘शिकार’ या संज्ञेच्या व्याख्येत पक्ष्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना उपद्रव देणे याचाही समावेश आहे. अर्थात कायद्याच्या दृष्टीने घरटे विसकटणाऱ्याला हाती बंदूक नव्हती, हा बचाव पुरत नाही.

म्हणून घरटे दिसताच प्रत्येकाने मागे फिरावे, त्याची जागा कोणास सांगू नये. संत्र्याच्या बगीच्यांच्या मालकांनी अशा छायाचित्रणास आपल्या धुऱ्याच्या आत परवानगी देऊ नये. शाळांनी व मंडळांनी आपल्या प्रदर्शनांत व स्पर्धांत घरट्यांची छायाचित्रे स्वीकारू नयेत, आणि घरट्याभोवतीच्या फांद्या कोणी छाटताना आढळल्यास वन विभागास तत्काळ कळवावे.