मूळ इंजिन कोणते?

जुन्या वस्तूंविषयी आपल्याकडे दोन टोकांची मते ऐकू येतात. एक मत म्हणते, जुने ते सोने, त्याला हात लावू नका. दुसरे म्हणते, चालते आहे ना, मग झाले. तार बांधा, पट्टी ठोका आणि गाडी पुढे काढा. पहिल्या मताला ‘जतन’ असे भारदस्त नाव आहे, दुसऱ्याला ‘जुगाड’ असे लाडके. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत एका जीपच्या निमित्ताने ही दोन्ही मते मला समोरासमोर भेटली आणि दोन्ही अपुरी वाटली. त्याविषयी चार शब्द लिहावेत असे मनात आहे. कला शाखेच्या अंकातल्या या लेखाला पुस्तकांपेक्षा ऑइलचा वास अधिक येईल. त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी.

ही जीप आमच्या गावच्या तात्यांची. १९६४ सालची, महिंद्राची सी. जे. ३ बी. जाणकार तिला उंच बॉनेटवरून ओळखतात, आणि त्या उंचीला कारण आहे. तिच्या आधीच्या जीपच्या इंजिनात सगळे व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये असत. या जीपच्या ‘हरिकेन’ नावाच्या पेट्रोल इंजिनात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेले आणि धूर बाहेर टाकणारे खालीच ठेवले. त्यामुळे इंजिन उंच झाले आणि ते झाकण्यासाठी बॉनेटही उंच करावे लागले. म्हणजे या जीपचा चेहराच मुळी तिच्या इंजिनाने घडविला आहे.

ते पेट्रोल इंजिन १९८८ साली गेले. धूर टाकणाऱ्या व्हॉल्व्हच्या बैठकीपासून सिलिंडरपर्यंत ब्लॉकला तडा गेला होता. १९७३ आणि १९७९ च्या तेलसंकटांनंतर पेट्रोलची गाडी पोसणे शेतकऱ्याला परवडत नव्हते. तेव्हा माझ्या आजोबांनी, म्हणजे आमच्या गॅरेजच्या मूळ पुरुषाने, त्या जागी प्यूजो जातीचे एक्स. डी. पी. ४.९० हे डिझेल इंजिन बसविले. महिंद्रा कंपनी हे इंजिन फ्रेंच परवान्याने बनवीत असे. नावातल्या ४ चा अर्थ चार सिलिंडर आणि ९० चा अर्थ सिलिंडरचा व्यास ९० मिलिमीटर. ८३ मिलिमीटरचा स्ट्रोक धरून हिशेब केला की २११२ घनसेंटिमीटर येतात. पेट्रोल इंजिन २१९९ चे होते. म्हणजे आकाराने दोघे जवळपास भाऊच.

पण पेट्रोलच्या जागी डिझेल बसविणे म्हणजे एक पेटी उचलून दुसरी ठेवणे नव्हे. डिझेलच्या इंजेक्टरमधून उरलेले तेल टाकीत परत न्यावे लागते. पेट्रोलच्या टाकीला तशी परतीची नळीच नसते. पेट्रोलचे इंजिन किल्ली फिरविली की ठिणगी बंद होऊन थांबते. डिझेलला ठिणगीच नाही, त्यामुळे तेल तोडण्यासाठी वेगळी तार ओढावी लागते. सकाळच्या गारठ्यात ते चालू व्हायला हीटर प्लग हवेत, आणि ते फिरवायला थोर बॅटरी हवी. आजोबांनी हे सगळे केले, बदलाची नोंद आर. टी. ओ.च्या पुस्तकात करून घेतली, आणि तेव्हापासून पस्तीसहून अधिक वर्षे ही जीप डोंगरावरच्या वाडीतून दुधाच्या किटल्या खाली आणते आहे. पावसाळ्यात एस. टी. जिथे जात नाही तिथे ती जाते.

यंदा ते डिझेल इंजिनही थकले. ब्रीदरमधून धूर येऊ लागला, ऑइल पिऊ लागले, चढावर दम तुटू लागला. तात्या आबांकडे (माझ्या वडिलांकडे) आले आणि म्हणाले, “दुसरं इंजिन बघ बाबा.” त्याच वेळी तात्यांचा शहरातला पुतण्या आला होता. त्याने वेगळीच कल्पना मांडली. हे डिझेल काढून टाकावे, कुठून तरी जुने हरिकेन इंजिन मिळवावे आणि जीप मूळ रूपात आणून तिची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करावी. किंमतही येईल आणि घराण्याचे नावही होईल.

त्याचे बोलणे अगदीच हवेतले नव्हते. २०२१ साली केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत तशी तरतूद केली आहे. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली गाडी ‘व्ही. ए.’ अशी अक्षरे असलेल्या वेगळ्या क्रमांकाखाली नोंदविता येते. चासी, सांगाडा वा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला चालत नाही. मात्र त्याच नियमात पुढे असेही आहे की अशी गाडी रस्त्यावर आणायची ती प्रदर्शन, शर्यतफेरी, दुरुस्ती, इंधन भरणे अशा ठराविक कारणांसाठीच. रोजच्या कामाला नाही. म्हणजे मान मिळेल, पण दुधाच्या किटल्या उतरवाव्या लागतील.

प्रश्न असा उभा राहिला: या जीपचे मूळ इंजिन कोणते? चोवीस वर्षे पेट्रोलवर चाललेल्या आणि त्यानंतर पस्तीसहून अधिक वर्षे डिझेलवर चाललेल्या गाडीचे ‘मूळ रूप’ कोणत्या वर्षी धरायचे? शिवाय तिचे स्वतःचे हरिकेन इंजिन तेव्हाच भंगारात गेले. आता जे आणले असते ते दुसऱ्याच जीपचे, दुसऱ्याच क्रमांकाचे. मिलिंद राजाला नागसेन भिक्खूने विचारले होते की रथ म्हणजे नेमके काय, आस की चाके की जू? आमच्या तत्त्वज्ञानाच्या तासाला हा प्रश्न मला शब्दांचा खेळ वाटला होता. गॅरेजच्या दारात चार माणसे त्यावरून हमरीतुमरीवर आलेली पाहिली तेव्हा तो खेळ नाही हे समजले.

अखेर तात्यांनीच निर्णय दिला. “जीप वाडीला गेली पाहिजे.” पुतण्या गप्प बसला आणि आबा इंजिनाच्या शोधाला लागले.

जुने इंजिन विकत घेणे ही एक परीक्षाच आहे, आणि तीत आबाही एकदा नापास झाले. मोबाईलवर आलेला फोटो पाहून त्यांनी एका मोठ्या शहरातल्या व्यापाऱ्याला पाच हजारांचा विसार दिला. इंजिन नव्यासारखे दिसत होते, कारण त्यावर ताजा रंग मारलेला होता. आम्ही दोघे तिथे गेलो. आबांनी थिनरची चिंधी क्रमांकाच्या जागेवर फिरविली. रंगाखाली कानसीच्या रेघा निघाल्या. क्रमांक घासून नवा ठोकलेला होता. आबा काही बोलले नाहीत. चिंधी खिशात घातली आणि म्हणाले, “चल.” पाच हजार बुडाले. येताना एस. टी.त मी विचारले, थोडे भांडायला नको होते का? ते म्हणाले, “ज्या इंजिनाची गाडी कुणाची ते माहीत नाही, ते तात्यांच्या गाडीत कसं घालू?” १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या ५२ व्या कलमान्वये इंजिन बदलण्यास नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी लागते, पण मला वाटते, आबांच्या मनात कलम नव्हते.

दुसरे इंजिन जवळच्याच तालुक्यात मोडीत काढलेल्या एका जीपमधून मिळाले. बिलावर इंजिनाचा क्रमांक आणि सोबत त्या गाडीच्या नोंदणीपुस्तकाची प्रत. आबांची तपासणी पाहण्यासारखी होती. आधी त्यांनी ब्लॉकला हात लावून ते थंड असल्याची खात्री केली. विकणारा कधी कधी गिऱ्हाईक येण्यापूर्वीच इंजिन तापवून ठेवतो, म्हणजे सकाळचा खरा आजार लपतो. मग ऑइलचे झाकण उघडून आतून दुधट साय धरली आहे का ते पाहिले. तशी असेल तर पाणी ऑइलमध्ये उतरते आहे. मग ते हाताने दोन पूर्ण फेरे फिरविले. मग चालू करून डोळे मिटून ऐकले.

घरी आणल्यावर सगळे उकलले. प्रत्येक सिलिंडरचा व्यास वर, मध्ये आणि खाली मोजायचा, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी; चार सिलिंडरची मिळून चोवीस मापे. झीज वरच्या भागात जास्त असते, कारण स्फोटाचा दाब तिथे सर्वांत अधिक आणि ऑइल सर्वांत कमी. ही मापे आबा आजवर खडूने भिंतीवर लिहीत आणि काम संपले की पुसून टाकीत. या वेळी मी ती वहीत लिहून घेतली. क्रँक पाव मिलिमीटर घासावा लागला आणि त्याप्रमाणे जाड बेअरिंगे घालावी लागली. हेड सपाट आहे का ते पट्टी ठेवून पाहिले. नोझलमधून तेलाचे धुके निघते की थेंब गळतो, ते यंत्रावर तपासून घेतले.

आणि मग जी गोष्ट घडली तिच्यासाठी हा लेख लिहावासा वाटला. गिअरबॉक्सच्या दांड्याचे टोक क्रँकच्या मधोमध असलेल्या लहानशा बुशात बसते. दोन्हीची मध्यरेषा एकच असली पाहिजे. जीपचा जुना गिअरबॉक्स आणि फ्रेंच इंजिन यांचे भोकांशी भोक जुळत नव्हते, म्हणून १९८८ साली आजोबांनी मध्ये एक जाड लोखंडी प्लेट कापून बसविली होती. अंदाजाने, डोळ्याने. या जीपचा गिअरबॉक्स कायम कण्हत असे आणि दर तीन-चार वर्षांनी त्याचे बेअरिंग जाई. आम्ही सगळे म्हणत असू, तात्यांच्या जीपचा आवाजच तसा आहे. या वेळी आबांनी लेथवाल्याकडून डायल गेज आणला, फ्लायव्हीलवर बसविला आणि इंजिन हाताने सावकाश फिरविले. इंचाच्या हजाराव्या भागाला आमच्याकडे थाऊ म्हणतात. अशा ठिकाणी पाच थाऊपर्यंत चालवून घेतात. सुई पंधरावर गेली. आबा बराच वेळ त्या सुईकडे बघत राहिले. मग म्हणाले, “बाबांकडं हे घड्याळ नव्हतं रे.”

लेथवर नवी प्लेट करून घेतली. जीप आता कण्हत नाही.

जुगाडाचे कौतुक करणाऱ्यांना मला हेच सांगायचे आहे. आजोबांनी अडचणीत केलेले काम मोठे होते; त्याने एक घर जगविले. पण न मोजल्याची किंमत पस्तीस वर्षे कुणीतरी भरत होते, आणि ती आपल्या कौतुकात कुठेच दिसत नाही. गरिबीने भाग पाडलेल्या अंदाजाला प्रतिभा म्हणून गौरवू नये. आजोबांच्या हातात डायल गेज असता तर त्यांनी तो वापरलाच असता.

आणि मूळ रूपाचा आग्रह धरणाऱ्यांनाही एक सांगणे आहे. त्यांचे म्हणणे मी नाकारत नाही. काही जीप जशाच्या तशा राहिल्याच पाहिजेत, नाहीतर ते उंच बॉनेट कशासाठी होते हे उद्या कुणाला कळणार नाही. जुने इंजिन भंगारात घालण्याऐवजी ऑइल लावून कोपऱ्यात ठेवले असते तर आज तात्यांपुढे दोन वाटा खुल्या असत्या, हेही खरे. पण रोज कामाला जाणाऱ्या गाडीचा इतिहास तिच्या दुरुस्त्यांत असतो. ज्याच्या दारात दुसरी गाडी उभी आहे त्याला पहिली जपून ठेवता येते. ज्याच्याकडे एकच आहे त्याने ती बदलली तर तो इतिहासाचा गुन्हेगार होत नाही.

माझ्या मते बदलाला तीन अटी पुरेत. तो मोजून करावा. पुढच्या माणसाला उलटविता येईल असा करावा. म्हणजे चासी कापू नये, जुना भाग फेकू नये. आणि तो लिहून ठेवावा. पहिल्या दोन गोष्टी आबांसारखी माणसे करतात. आबा सातवीपर्यंत शिकले आणि मायक्रोमीटर माझ्यापेक्षा अचूक वाचतात. तिसरी गोष्ट आमच्या घरात आजवर कुणी केली नव्हती. आजोबांनी ती प्लेट कशी आखली, काय अडले, काय चुकले, याची एक ओळ कुठे नाही. १९८८ ची ती प्लेट आज कोपऱ्यात पडली आहे आणि तिच्याविषयी सांगणारा माणूस नाही.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. कला शाखा घेऊन गॅरेजला काय उपयोग, असे गावात अनेकांनी विचारले आणि मला उत्तर देता आले नव्हते. या सुट्टीत एक लहानसे उत्तर सापडले. चोवीस मापे, क्रँकचा घास, प्लेटचे रेखाचित्र, सुई कुठे थांबली तो आकडा, बुडालेल्या विसारासह सगळा खर्च, असे सारे एका दोनशे पानी वहीत लिहिले आहे. तिची एक प्रत तात्यांच्या आर. सी. बुकाबरोबर ठेवली आहे.

माझ्या वर्गात सुताराची, कुंभाराची, विहिरी खोदणाऱ्याची मुले आहेत. आपल्या घरी रोज पुसल्या जाणाऱ्या भिंती असतील. त्या पुसल्या जाण्याआधी उतरवून घ्या, एवढेच माझे म्हणणे. परवा आबांनी दुसऱ्या एका गाडीचे हेड उघडले आणि खडू शोधण्याऐवजी मला हाक मारली, “वही आण.”

— द्वितीय वर्ष, कला