कार्बोरेटरचेही माप सांगून विका

मालाडच्या एका मिस्त्रीने माझ्या जुन्या प्रीमियर पद्मिनीला मारुती ८००चा कार्बोरेटर बसवला. म्हणाला, "चाचा, अ‍ॅव्हरेज वाढेल." घोडबंदरच्या घाटात गाडीने दम सोडला, प्लग पांढरे पडले, इंजिन तापले. वाढले ते फक्त बिल!

मारुतीचे इंजिन ७९६ सी.सी.चे, पद्मिनीचे १०८९ सी.सी.चे. लहान इंजिनासाठी बेतलेला गळा मोठ्या इंजिनाला चढावर पुरेशी हवा देत नाही, आणि जेट न जुळल्यास पेट्रोल कमी पडते. गळा फाजील मोठा असला तरी खैर नाही. हवेचा वेग मंदावतो, पेट्रोलचे नीट तुषार होत नाहीत, गाडी धक्के देते. सोलेक्सच्या जेटवर १२० आकडा असेल तर भोक १.२० मिलिमीटरचे. म्हणजे माप मालावरच कोरलेले असते, कोणी वाचत नाही.

३६ इंच पन्ह्याचे कापड ४४ इंच सांगून विकणाऱ्याला आपण बेईमान म्हणतो. मग नुसते बोल्ट जुळले म्हणून "बसतो" सांगणारा कोण? मालातला ऐब सांगणे ही तिजारतीची पहिली शर्त आहे. जुने पार्ट विकणाऱ्या आपल्या भावांनी कार्बोरेटर कोणत्या इंजिनाचा आणि जेट किती नंबरचे, हे बिलावर लिहून द्यावे. गिऱ्हाइकानेही त्याशिवाय पैसे मोजू नयेत.