दाखल्यावरचे वय आणि अंगातले वय

साठी उलटली की म्हाताऱ्या माणसाला शेताच्या व्यवहारातून बाजूला सारायचे, ही रीत आम्हांस मान्य नाही. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावरून वर्षे मोजता येतात; कुवत नव्हे.

मानसशास्त्रज्ञ रेमंड कॅटेल यांनी बुद्धीचे दोन प्रकार सांगितले. नवे कोडे झटपट सोडविण्याची शक्ती तरुणपणानंतर उतरू लागते. अनुभवाने साठलेले ज्ञान मात्र उतारवयातही पुष्कळ टिकते. म्हणून पंपाचा नवा स्टार्टर मुलाने समजून घ्यावा. पण वाफसा आला की नाही हे बापाला विचारावे, बी कोणते राखावे हे आजीला.

अमेरिकेतील ओहायो राज्यात पन्नाशीपुढील ६६० जणांची पाहणी झाली होती. आपल्या म्हातारपणाविषयी चांगली भावना बाळगणारे इतरांहून सुमारे ७.५ वर्षे अधिक जगले, असे बेका लेव्ही यांच्या २००२ सालच्या अभ्यासात दिसले. “तुम्हांला काय कळते?” असे घरात रोज ऐकणाऱ्याच्या मनात ही भावना टिकावी कशी?

मात्र म्हातारे माणूस एकाएकी बरळू लागले, तर ‘वयच झाले’ म्हणून स्वस्थ बसू नये. ताबडतोब डॉक्टरांना दाखवावे.

पेरणीची बोलणी कराल तेव्हा आजी-आजोबांनाही बैठकीला बसवा.