चिमणीच्या पिलाचा घास

जैन आचारात चालण्यालाही नियम आहे. चार हात पुढची भूमी न्याहाळत, कोणत्याही जीवाला इजा होणार नाही अशा रीतीने पाऊल टाकणे म्हणजे ईर्यासमिती. हे व्रत मुनींचे. परंतु सकाळी फिरावयास निघणाऱ्या श्रावक-श्राविकांनी ते अल्पांशाने पाळले, तरी पायाखालचे एक अपरिचित जग दिसू लागते. पावसाळ्याच्या आरंभी म्हसरूळला गजपंथाच्या पायथ्याशी नजर खाली ठेवून चालावे. ओल्या मातीवर मखमली तांबडा मृगाचा किडा, मुंग्यांची रांग, चिखलाची गोळी वाहून घर बांधणारी कुंभारीण माशी असे कितीतरी सहप्रवासी भेटतात. कृमीला दोन, मुंगीला तीन, भुंग्याला चार आणि पक्ष्याला पाच इंद्रिये, हे पाठशाळेत मुखोद्गत होते. अंगणात मात्र त्याच जीवांची ओळख सहसा पटत नाही.

ही ओळख का हवी, हे चिमणीच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. नाशिकचे पर्यावरण कार्यकर्ते मोहम्मद दिलावर यांनी घरचिमणीच्या रक्षणाचे काम याच शहरातून उभे केले. त्यांच्या ‘नेचर फॉरएव्हर सोसायटी’च्या पुढाकाराने २० मार्च २०१० रोजी पहिला जागतिक चिमणी दिन साजरा झाला आणि तो आता अनेक देशांत पाळला जातो. जुन्या नाशकातील वाड्यांत तुळयांच्या सांदी, कौलांखालची पोकळी, भिंतीतले कोनाडे ही चिमणीची हक्काची घरे होती. सपाट भिंतींच्या आणि काचेच्या तावदानांच्या इमारतींत तिला तशी जागा उरली नाही. म्हणून अनेकांनी सज्जात लाकडी घरटी टांगली आणि दाणे ठेवले. ही करुणा स्तुत्य आहे. पण ती अपुरी आहे.

प्रौढ चिमणी दाणे खाते; तिच्या कोवळ्या पिलांना मात्र दाणे पचत नाहीत. अंड्यातून बाहेर आल्यापासून घरटे सोडेपर्यंतच्या सुमारे दोन आठवड्यांत त्यांची वाढ मुख्यतः अळ्या, मावा आणि लहान कीटकांवर होते. शिंपी, दयाळ, बुलबुल हे बागेतील पक्षीही पिलांना कीटक भरवतात. फुलांतील मध पिणारा शिंजीरसुद्धा पिलांसाठी कोळी आणि किडे शोधतो. आता ज्या घरी सज्जात बाजरीची वाटी आहे, त्याच घरी दर महिन्याला माळी येऊन लिंबावर आणि जास्वंदीवर कीटकनाशक फवारत असेल, तर एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले जाते. दाण्यांची वाटी भरलेली राहते आणि घरट्यातले पिलू उपाशी.

येथे एक प्रश्न उभा राहतो. पक्षी अळी खातो. मग दया कोणावर करावी? पक्ष्यावर की अळीवर? श्रावकाच्या व्रताची कसोटी कृत, कारित आणि अनुमोदित या तीन शब्दांत आहे. पक्ष्याने आपल्या क्षुधेसाठी टिपलेली अळी या तिन्हींत येत नाही. पैसे देऊन करवून घेतलेली फवारणी मात्र निश्चितपणे ‘कारित’ आहे. उपजीविकेसाठी शेती करणाऱ्याची अडचण वेगळी आहे. त्याच्या हिंसेचा विचार शास्त्रांनी उद्योगी हिंसा म्हणून स्वतंत्र केला आहे. कुंडीतल्या चार पानांच्या शोभेसाठी होणाऱ्या हिंसेला तो आधार घेता येत नाही. शिवाय फवारा अळीपाशी थांबत नाही. फुलावर आलेली मधमाशीही त्यात सापडते.

लिंबाची पाने कुरतडणारी अळी पुष्कळदा फुलपाखराची असते. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून घोषित केलेले निळे-काळे ‘ब्ल्यू मॉरमॉन’ही लिंबाच्या कुळातील झाडांवरच वाढते. सशक्त झाडाला काही दिवसांत नवी पालवी फुटते. मारलेली अळी पुन्हा उभी राहत नाही.

घरोघरी करता येण्याजोग्या गोष्टी साध्या आहेत. एक कोपरा फवारणीविना ठेवावा. तेथे कढीलिंब, तुळस, जास्वंद, अडुळसा अशी झाडे लावावीत आणि गळलेली पाने तेथेच कुजू द्यावीत. पक्ष्यांसाठी उथळ मातीच्या परळात पाणी ठेवावे आणि ते रोज बदलावे. साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या होतात आणि मग त्यांच्या हिंसेचे निमित्त आपणच घडवतो. खारट वा तळलेले उरलेसुरले अन्न पक्ष्यांपुढे टाकू नये. मुलांच्या हाती एक वही द्यावी. दिसलेल्या जीवाचे नाव, तिथी, जागा आणि संख्या तिच्यात लिहावी. पकडणे नाही, घरट्याला हात लावणे नाही.

जीव वाढतात म्हणून साधू वर्षाकाळात विहार थांबवतात. श्रावकाला घर सोडायचे नाही, प्रवास थांबवायचा नाही. निदान या चातुर्मासात फवारणीचा त्याग करावा, एवढा नियम त्याला सहज घेता येईल.