डिकीतला पंख

१९९४ च्या ब्रिटिश टूरिंग कार अजिंक्यपद स्पर्धेत अल्फा रोमिओने लबाडी केली, असं माझ्या मोठ्या भावाचं ठाम मत आहे. तो मोसम संपला तेव्हा आमच्यापैकी कुणी जन्मलंही नव्हतं. पण जुन्या शर्यतींचे व्हिडिओ, त्यावर मरी वॉकरचं ते किंचाळणारं समालोचन आणि रविवारी दुपारचं जेवण, एवढ्या भांडवलावर आमचा हा वाद तीन वर्षं चाललाय. आधी मी दादाच्या बाजूने होते, आता नाही. का, ते इथे सांगते, कारण मला वाटतं हा प्रश्न मोटारींपेक्षा आपल्या मंडळाच्या जास्त जवळचा आहे. एखादा मजकूर वाचायचा कसा, असा तो प्रश्न आहे.

ज्यांना शर्यतींत रस नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. फॉर्म्युला वनची गाडी कुणी बाजारात विकत घेत नाही. टूरिंग कारची मजा नेमकी उलटी आहे. शोरूममध्ये दिसते, शेजारच्यांच्या दारात उभी असते, तीच गाडी ट्रॅकवर धावते (निदान तशी दिसते तरी!). त्या काळच्या ब्रिटिश नियमांत इंजिन दोन लिटरचं, टर्बो नाही, गाडीला चार दारं, आणि इंजिनाचे फेरे मिनिटाला साडेआठ हजारांच्या वर न्यायचे नाहीत. शिवाय महत्त्वाची अट अशी, की गाडीचं ते मॉडेल किमान २,५०० नग बनलेलं असलं पाहिजे. म्हणजे कुणी फक्त शर्यतीपुरती एखादी राक्षसी गाडी बनवून आणू नये.

अल्फाने ही अट नीट वाचली. फारच नीट वाचली, असं दादा म्हणतो. त्यांनी १५५ या आपल्या साध्या चौकोनी सेडानची एक खास आवृत्ती काढली. इटलीच्या कंपनीने तिला नाव दिलं 'सिल्व्हरस्टोन', इंग्लंडमधल्या ट्रॅकचं! त्या गाडीच्या पुढच्या बंपरखालची पट्टी पुढे सरकवता येत होती, आणि मागच्या स्पॉयलरला उंच करणारे जोडतुकडे गाडीच्या डिकीत ठेवून दिले होते. गिऱ्हाइकाला हवे तर त्याने बसवावेत, नको तर तसेच पडू द्यावेत. झालं. मॉडेल ठरल्या संख्येत बनलं, त्याच्यासोबत पंखही विकला गेला, मग ट्रॅकवर तो बसवला तर बिघडलं कुठे? वेगात पंखावरून जाणारी हवा गाडीला जमिनीवर दाबते, वळणावर टायरची पकड वाढते. बाकीच्यांच्या गाड्या वळणावर घसरत असताना गाब्रिएले तार्किनीची लाल अल्फा जणू रुळावरून चालावी तशी जायची. मोसमातल्या पहिल्या पाचही शर्यती त्याने जिंकल्या.

मग व्हायचं तेच झालं. प्रतिस्पर्ध्यांनी तक्रार केली. मे महिन्यात औल्टन पार्कला संघाला सांगण्यात आलं, की पंख आणि पट्टी मिटलेल्या स्थितीतच ठेवा. अल्फावाल्यांनी गाड्या उचलल्या आणि शर्यत न करताच ते निघून गेले. पुढे तडजोड झाली, ते परत आले, काही काळ पंख मिटवून धावले. नॉकहिलला तार्किनीची गाडी चक्क उलटली. तरी वर्षाअखेरीस चॅम्पियन तोच. मला विचाराल तर या मोसमाचा खरा निकाल इथे आहे. पंखाशिवायही तो माणूस जिंकू शकत होता. (२००९ मध्ये, वयाच्या ४७ व्या वर्षी, तो जागतिक टूरिंग कार विजेता झाला. त्यामुळे सगळं श्रेय पंखाला देणाऱ्यांनी जरा सबुरीने घ्यावं.)

आता दादाचा मुद्दा. तो म्हणतो, नियमाचा हेतू सगळ्यांना ठाऊक होता. सामान्य माणसाची गाडी धावावी हा हेतू. डिकीत तुकडे भरून ठेवणं म्हणजे हेतूला टांग मारणं. यावर माझ्याकडे बरेच दिवस उत्तर नव्हतं, कारण मी ज्या घरात वाढले तिथे हेतूचंच वजन जास्त. संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात अक्षर आणि आत्मा यांची जी तुलना आहे, ती धर्मशिक्षणाच्या वर्गापासून कानावर पडलेली. अक्षर धरून बसणारा तो परूशी, हे आमच्याकडे सांगावं लागत नाही.

पण साहित्याच्या वर्गात उलटंच शिकायला मिळालं. रोलां बार्थने १९६७ मध्येच लेखकाच्या मृत्यूची बातमी देऊन ठेवली आहे. मजकूर एकदा लिहिला, की लेखकाच्या मनात काय होतं ते विचारून अर्थ ठरत नाही. परीक्षेत हे मी पानभर लिहिलंय, मार्कही बरे पडले, पण पटलं मात्र अल्फामुळे. नियम करणाऱ्यांच्या मनात काय होतं ते त्यांनी कागदावर उतरवलं नव्हतं. अल्फाने जे उतरवलं होतं ते वाचलं. गाडी तपासणीतून पास झाली, पाच शर्यती धावली, जिंकली. आणि त्यानंतर सगळ्यांना हेतू आठवला.

हा जो 'त्यानंतर' आहे ना, तिथे माझं आणि दादाचं फाटतं. गल्लीत क्रिकेट खेळताना 'एक टप्पा आउट' हे खेळ सुरू व्हायच्या आधी ठरतं. कुणी पन्नास केल्यावर ठरत नाही. तसं ठरवलं तर त्याला आपण रडीचा डावच म्हणतो, मग बॅट कुणाच्याही मालकीची असो. हेतू ही सुंदर गोष्ट आहे, पण ती कोण सांगतं ते बघावं लागतं. बहुतेक वेळा ज्याच्या हातात शिट्टी असते तो सांगतो.

आणि सीमाभागात वाढलेल्या माणसाला हे मोटारींवरून शिकायची खरं तर गरज नाही. भाषिक अल्पसंख्याकांची लोकसंख्या १५ टक्के असेल तर त्यांच्या भाषेत कागद मिळावा, हा मुद्दा इथल्या प्रत्येक मराठी घरात कधी ना कधी निघतो. तिथे आपण काय मागतो? अक्षर. जे लिहिलंय ते द्या, एवढंच. व्यापक हेतू, सलोखा, व्यवहार्यता हे सगळे शब्द समोरच्या टेबलावरून येतात. आपल्यासारख्या कॉलेजांना बळ देणारं घटनेतलं कलम ३० हेही शेवटी अक्षरच आहे. ज्याच्याकडे संख्या नाही, त्याच्याकडे तेवढंच असतं. पौल चुकला असं म्हणण्याची माझी हिंमत नाही. पण तो माणसाच्या काळजाबद्दल बोलत होता. तपासणी अधिकाऱ्याच्या अधिकाराबद्दल नाही, असं मी माझ्यापुरतं ठरवलंय. फादर हे वाचून काय म्हणतील ते बघू.

अल्फा मात्र काही संख्येने दुबळी नव्हती, हे दादाने लगेच दाखवून दिलं. मोठी कंपनी, मोठे वकील, मोठा पैसा. हे मला मान्य करावंच लागतं. आणि त्याचं दुसरं म्हणणं याहून कठीण आहे, ते असं: अक्षर बरोबर वाचून शेवटी झालं काय?

झालं हे, की बीएमडब्ल्यूनेही तशीच खास आवृत्ती काढली, आणि १९९५ पासून सगळ्यांनाच पंख मोकळे केले. त्यात एक बळी गेला. १९९४ मध्येच व्होल्वोने ८५० ही स्टेशन वॅगन शर्यतीत उतरवली होती. हो, मागे सामान भरायची ती लांबलचक गाडी! रिकार्ड रायडेल आणि यान लामर्स ती चालवायचे. लोक हसले, तेव्हा संघाने एका परेड लॅपला मागच्या काचेत भलामोठा खोटा कुत्रा बसवून गाडी फिरवली. सगळ्यात चांगला नंबर पाचवा, पण त्या वर्षी सगळ्यात लाडकी गाडी तीच असणार. पंखाचे नवे नियम आले, वॅगनच्या आकाराला त्यांचा फायदा मिळण्यासारखा नव्हता, व्होल्वोने पुढच्या वर्षी सेडान आणली. पंखापाठोपाठ हवेच्या चाचण्या आल्या, खर्च वाढत गेला, कंपन्या एकेक करून बाहेर पडल्या. २००० साली मुख्य वर्गात फोर्ड, होंडा आणि व्हॉक्सहॉल या तीनच कंपन्यांचे संघ उरले होते. २००१ मध्ये ते नियमच गुंडाळून स्वस्तातले नवे आणावे लागले.

याचा सगळा दोष डिकीतल्या त्या तुकड्यांवर टाकणं अतिच होईल. कंपन्या पैसा ओतायला बसल्याच होत्या, पंख नसता तर त्यांनी दुसरं काही शोधलं असतं. माझी तक्रार वेगळी आहे. मे महिन्यात गाडी थांबवण्याऐवजी आयोजकांनी म्हणायला हवं होतं, 'आमचं लिहिताना चुकलं. हा मोसम असाच चालेल, पुढच्या वर्षी वाक्य दुरुस्त करू आणि पंख बंद करू.' एका मोसमाचा कंटाळा सोसावा लागला असता. झालं नेमकं उलटं. चालू मोसमात ज्याने वाचलं त्याला अडवलं, आणि ज्या चुकीबद्दल अडवलं तीच पुढच्या वर्षी सगळ्यांसाठी नियम करून टाकली.

दादाला हे अर्धंच पटतं. गेल्या रविवारी भात वाढून घेता घेता तो म्हणाला, 'तुझं अक्षर जिंकलं, पण कुत्रा गेला ना गं.' त्यावर मम्मीने कुठला कुत्रा म्हणून विचारलं, आणि आम्हाला सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागली.