वारसाहक्क आणि कार्यकर्त्याची लेखणी

मालमत्तेचे वारस ठरविणे हे मालमत्तावाल्यांचे काम. ज्यांना ती व्यवस्थाच बदलायची आहे त्यांनी मृत्युपत्रे आणि प्रोबेट यांच्या भानगडीत कशाला पडावे, असा सवाल चळवळीतील काही मंडळी करीत असतात. सवाल मोठा तत्त्वनिष्ठ वाटतो. पण दारव्हा तालुक्यातील बोरी अरबसारख्या गावी तो विचारला की त्याचा पोकळपणा उघडा पडतो. कापूस-सोयाबीनच्या या मुलखात लहान शेतकऱ्याची मालमत्ता म्हणजे चार-पाच एकर रान आणि डोक्यावरचे कर्ज. घरधनी गेल्यावर सातबाऱ्यावर विधवेचे नाव चढले नाही तर तिला पीककर्ज नाही, आणि घरातही शब्दाला किंमत नाही. शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या यवतमाळ जिल्ह्यात हा तात्त्विक वादाचा विषय होऊच शकत नाही.

अशा बाईला गावातले शहाणे प्रथम कोर्टाची भीती घालतात. प्रोबेट लागेल, वकील लागेल, वर्षे जातील! ही निव्वळ थाप आहे. प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचा न्यायालयाचा दाखला. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने हिंदूंवर त्याची सक्ती केली ती मुंबई व मद्रास ही शहरे आणि जुना बंगाल प्रांत यांच्याशी मृत्युपत्राचा वा मिळकतीचा संबंध असेल तेवढ्यापुरती. वऱ्हाडातील शेताच्या वऱ्हाडात केलेल्या मृत्युपत्राला ती कधीच लागू नव्हती. मृत्युपत्र साध्या कागदावर होते. मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक असते. दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यात.

बहुतेक माणसे मृत्युपत्र न करताच जातात. तेथे १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा लागतो. स्वकष्टाने घेतलेले चार एकर ठेवून माणूस गेला आणि मागे आई, बायको, मुलगा व मुलगी असली, तर प्रत्येकाचा एकेक एकर. पैकी आई कोणाच्याच लक्षात राहत नाही! वारसा उघडल्यानंतर विधवेने दुसरे लग्न केले तरी तिला मिळालेला वाटा जात नाही. गाव याच्या उलट सांगते, आणि पुष्कळदा कार्यकर्ताही. मात्र जमीन सासऱ्याने स्वतः कमावलेली असेल तर त्याच्या हयातीत सुनेला वाटा मागता येत नाही. हेही तिला सरळ सांगावे. खोटी आशा दाखविणे हा फसवणुकीचाच प्रकार आहे.

खरी लूट कोर्टात होत नाही. ती पटवाऱ्याच्या दप्तरात आणि दुय्यम निबंधकाच्या टेबलावर होते. वारसांच्या यादीतून बहिणींची नावे गाळली जातात. फेरफाराची नोटीस चावडीवर लागते आणि हरकतीची मुदत निघून जाते. तरी ही चूक दुरुस्त होण्याजोगी असते, कारण फेरफार हा महसुली कागद आहे, त्याने मालकी जात नाही. नोंदलेल्या हक्कसोडपत्राने ती जाते. नंतर फसवणूक झाली किंवा दडपण आले म्हणायचे तर दिवाणी दावा लावून ते सिद्ध करावे लागते. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलार्जित मालमत्तेत सहदायाद केले, पण आधी लग्न झालेल्यांना वगळले. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ती त्रुटी काढली. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची अटही मोडीत काढली. एवढे मिळविलेले सारे एका साडीचोळीच्या मोबदल्यात परत घेतले जाते, आणि माहेर तुटेल या भीतीने बहीण अंगठा उठविते.

या कागदावर साक्षीदार कोण असतो? कित्येकदा गावातला लिहितावाचता, भाषणातून स्त्रीमुक्तीचा पुरस्कार करणारा पुढारीच. शरद जोशी यांच्या अर्थविचाराशी समाजवाद्यांचे कधी जमले नाही; पण बायकोच्या नावे जमीन करा असे शेतकऱ्यांना सांगणारी लक्ष्मीमुक्तीची चळवळ त्यांनी उभी केली, आणि त्या बाबतीत ते टीकाकारांच्या पुढे होते हे कबूल केले पाहिजे.

विधी सेवा प्राधिकरणाची २००९ पासूनची पॅरालीगल स्वयंसेवकांची योजना आहे. तिच्यात पक्षाच्या तरुणांनी अवश्य जावे. परंतु प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र भिंतीवर लावण्याआधी एक बंधन शाखेने घालून घ्यावे: बहिणीशी भावाच्या गैरहजेरीत बोलल्याखेरीज, तिचा वाटा किती हे तिला आकड्यात सांगितल्याखेरीज कोणत्याही कार्यकर्त्याने हक्कसोडपत्र लिहू नये, त्यावर साक्ष घालू नये. भाऊ पक्षाचा सभासद असला तरी.